अॅल्युमिनियमवर ताण आला की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अॅल्युमिनियमबद्दल कुणी काही विचारलं की आधी मी उलट विचारतो: ग्रेड कोणता आणि टेम्पर कोणता? हे माहीत नसताना दिलेलं उत्तर निरुपयोगी ठरतं, कधी कधी धोक्याचंही. ग्रेड म्हणजे त्या धातूत काय मिसळलंय. टेम्पर म्हणजे आजवर त्याच्यावर काय काय संस्कार झाले: लाटला, तापवला, पाण्यात विझवला, मुरवला. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात. ताणाचे आकडे मेगापास्कलमध्ये दिले आहेत. १ मेगापास्कल म्हणजे १ चौरस मिलिमीटरवर साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार.

अॅल्युमिनियम मऊ असतं की मजबूत?

दोन्ही असतं. जवळजवळ शुद्ध, तापवून मऊ केलेलं ११००-ओ घेतलं तर ते सुमारे ३५ मेगापास्कलला यील्ड होतं, म्हणजे त्यापुढे भार काढला तरी मूळ आकाराला परत येत नाही. तोच ११०० थंड अवस्थेत भरपूर लाटून कडक केला, म्हणजे एच१८ टेम्परला आणला, की यील्ड १५० च्या आसपास जातो. ६०६१-टी६ (टी६ म्हणजे तापवून, विझवून आणि मुरवून कडक केलेलं) चा यील्ड सुमारे २७५ आणि विमानांत वापरल्या जाणाऱ्या ७०७५-टी६ चा सुमारे ५००. साध्या बांधकामाच्या पोलादाचा यील्ड २५० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं की "अॅल्युमिनियम म्हणजे मऊ" हे वाक्य किती अपुरं आहे ते कळतं.

एकाच ग्रेडमध्येही केवढा फरक पडतो पाहा. ६०६१ मऊ अवस्थेत ५५ मेगापास्कलला यील्ड होतं आणि टी६ केल्यावर २७५ ला. रसायन तेच, रंग तोच, वजन तेच, तरी ताकद पाचपट. डोळ्यांनी बघून हा फरक ओळखताच येत नाही.

ताण दिल्यावर धातूच्या आत नेमकं काय होतं?

सुरुवातीला अणूंमधलं अंतर किंचित वाढतं. भार काढला की ते पूर्ववत होतं. ही झाली स्थितिस्थापक अवस्था, इथे काहीही कायमचं बदलत नाही.

ताण आणखी वाढला की अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला लागतात, आणि अॅल्युमिनियमचा सगळा स्वभाव या घसरण्यात आहे. त्याच्या स्फटिकात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर अणू बसलेले असतात. या रचनेत अणू अगदी दाटीने भरलेली चार प्रतलं (सपाट थर) मिळतात आणि प्रत्येक प्रतलात घसरायला तीन दिशा. एकूण १२ वाटा झाल्या. भार कुठूनही येवो, त्यातल्या काही वाटा सोयीच्या सापडतातच. म्हणून अॅल्युमिनियमचा पत्रा खोल ओढता येतो, तार काढता येते, कागदाहून पातळ फॉइल लाटता येतो.

पण अख्खा थर एकदम सरकत नाही. तसा सरकवायला हजारो मेगापास्कल लागतील असं गणित सांगतं, आणि शुद्ध अॅल्युमिनियमचा एकसंध स्फटिक तर त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी ताणात घसरायला लागतो. या तफावतीचं उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे दिलं. स्फटिकात अणूंच्या ओळी मध्येच संपलेल्या असतात. या दोषरेषेला डिसलोकेशन म्हणतात. ताण आला की ही रेषा पुढे पुढे सरकते आणि एका वेळी एकाच ओळीतले बंध तुटून नव्याने जुळतात. त्यामुळे थोडक्या ताणात काम होतं.

या कथेत अॅल्युमिनियमला मोठं स्थान आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. टेलर यांनी कॉन्स्टन्स एलाम यांच्याबरोबर १९२३ मध्ये अॅल्युमिनियमचा एकच मोठा स्फटिक ओढून तो कोणत्या प्रतलावर कसा घसरतो हे बारकाईने मोजलं होतं. पुढे १९५६ मध्ये केंब्रिजला हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डिसलोकेशन प्रत्यक्ष सरकताना पाहिलं, तेही अॅल्युमिनियमच्या अतिपातळ फॉइलमध्ये. बावीस वर्षं कागदावर असलेली कल्पना डोळ्यांसमोर हलली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अॅल्युमिनियम मजबूत करायचं म्हणजे या दोषरेषांच्या वाटेत अडथळे उभे करायचे. लाटणं, मॅग्नेशियम मिसळणं, टी६ करणं, हे सगळे त्याचेच वेगवेगळे मार्ग आहेत.

पोलादासारखा स्पष्ट यील्ड पॉइंट आलेखावर का दिसत नाही?

साध्या पोलादात कार्बनचे अणू डिसलोकेशनला धरून ठेवतात आणि ताण पुरेसा वाढला की ती एकदम सुटते, म्हणून आलेखावर ठळक टोक येतं. बहुतेक अॅल्युमिनियम मिश्रधातूंत असं घडत नाही. सरळ रेषा हळूहळू वाकत जाते. त्यामुळे कुठेतरी खूण करावीच लागते: ज्या ताणानंतर ०.२ टक्के लांबी कायमची वाढलेली राहते, त्याला यील्ड म्हणायचं. सर्टिफिकेटवर "०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस" लिहिलेलं असतं ते हेच.

जास्त मजबूत ग्रेड लावला तरी भाग तेवढाच लवतो. असं का?

कारण ताकद आणि ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ताठरपणा यंगच्या गुणांकावरून ठरतो, आणि तो अणूंमधल्या बंधांवर अवलंबून असतो. मिश्रधातूत ९० टक्क्यांहून अधिक, निदान ८७ टक्के तरी, अॅल्युमिनियमच असतं. त्यामुळे ११०० असो, ६०६१ असो की ७०७५, हा गुणांक ६९ ते ७२ गिगापास्कलच्या (१ गिगापास्कल म्हणजे १,००० मेगापास्कल) दरम्यानच राहतो. टी६ केल्यानेही तो बदलत नाही. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे, म्हणजे जवळपास तिप्पट.

१ मीटर लांबीची ६०६१-टी६ ची सळई ओढली तर यील्ड होईपर्यंत ती सुमारे ४ मिलिमीटर लांब होते आणि भार काढला की मूळ लांबीला येते. २५० मेगापास्कल यील्डच्या पोलादाची तेवढीच सळई जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढून यील्ड होते. दोघींची ताकद जवळपास सारखी, पण वापरताना हाताला लागणारा अनुभव अगदी निराळा.

मग अॅल्युमिनियम वापरायचं कशाला? वजनासाठी. घनता २.७, म्हणजे पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. ताठरपणाला घनतेने भागलं तर अॅल्युमिनियम, पोलाद, टायटॅनियम आणि मॅग्नेशियम चौघांचंही उत्तर जवळजवळ सारखंच येतं. नुसतं सरळ ओढायचं असेल तर अॅल्युमिनियमचा फारसा फायदा नाही. वाकवण्याचा भार असेल तर मात्र आहे, कारण पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पोलादाच्या पट्टीइतकीच ताठर अॅल्युमिनियमची पट्टी हवी असेल तर रुंदी तीच ठेवून जाडी सुमारे १.४४ पट करावी लागते, आणि तरीही वजन निम्म्यावर येतं. अॅल्युमिनियमच्या सायकलींच्या फ्रेमची नळी जाडजूड असते ती याच कारणाने. पोलादाचं ड्रॉइंग घेऊन त्याच मापात अॅल्युमिनियम लावलं तर भाग तिप्पट लवणार, मग ग्रेड कितीही महाग असो.

दाबाखाली असलेल्या बारीक खांबांचं आणि पातळ पत्र्यांचंही तसंच. ते बऱ्याचदा यील्ड व्हायच्या आधी बाजूला फेंगडतात, आणि हे फेंगडणं ताठरपणावर ठरतं. तिथे टी६ मदतीला येत नाही.

प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) ९० अंशांत वाकवलेला पत्रा परत का उघडतो?

वाकवताना झालेल्या बदलातला स्थितिस्थापक भाग दाब काढला की परत फिरतो. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. तो यील्ड भागिले यंगचा गुणांक या प्रमाणात असतो. अॅल्युमिनियमचा गुणांक पोलादाच्या एक तृतीयांश असल्यामुळे यील्ड सारखा असेल तर उसळी सुमारे तिप्पट येते. कडक टेम्पर, पातळ पत्रा आणि मोठी त्रिज्या, तिन्हीने ती वाढते. म्हणून थोडं जास्त वाकवून घ्यायचं. किती जास्त, ते त्याच लॉटच्या तुकड्यावर करून बघणं सगळ्यात खात्रीचं, कारण यील्ड लॉटगणिक थोडा हलतो.

तार दोन-चारदा वाकवली की कडक होते आणि मग तुटते. का?

घसरताना डिसलोकेशनची संख्या प्रचंड वाढते. त्या एकमेकींत अडकतात आणि पुढचं घसरणं अवघड होतं. बाहेरून आपल्याला धातू कडक झालेला जाणवतो. ११००-ओ मध्ये तुटेपर्यंत ३५ टक्क्यांच्या आसपास लांबी वाढते, एच१८ मध्ये जेमतेम ५ टक्के. कडकपणा मिळाला, पण वाढायची ऐपत खर्च झाली.

अॅल्युमिनियमचा एक विशेष असा की त्यातल्या डिसलोकेशन एका प्रतलावरून दुसऱ्या प्रतलावर सहज जातात. अडथळा आला तर बाजूने वाट काढतात, एकमेकींना नष्टही करतात. त्यामुळे पितळ किंवा स्टेनलेस स्टील जेवढं झपाट्याने कडक होत जातं, तेवढं अॅल्युमिनियम होत नाही.

कडक झालेला ११०० किंवा ५०५२ सुमारे ३४५ अंश सेल्सियसला तापवला की आत नवे, ताजे स्फटिककण तयार होतात आणि तो पुन्हा मऊ होतो. इथे एक अडचण आहे: अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोपर्यंत उजेडात लाल दिसत नाही. नजरेच्या अंदाजाने तापवणारा माणूस एकदम भोक पाडून मोकळा होतो. हाताने काम करणारे कारागीर म्हणून पत्र्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळपट झाली की ज्योत बाजूला घेतात. पद्धत ढोबळ आहे, पण अशा कामाला चालते. टी६ च्या भागाला मात्र हे करू नका, त्याची सगळी ताकद जाईल.

टी६ म्हणजे काय? आणि ताकद येते कुठून?

१९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म हे तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असलेल्या अॅल्युमिनियमवर प्रयोग करत होते. पोलाद तापवून पाण्यात विझवलं की कडक होतं, तसं इथेही होईल अशी अपेक्षा होती. विझवल्यावर ते फारसं कडक झालं नाही. पण काही दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा कठीणता वाढलेली निघाली, कुणी हात न लावता. यातूनच ड्युरॅल्युमिन आलं. हे का घडतं, ते १९३८ मध्ये गिनिये आणि प्रेस्टन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं. तांब्याचे अणू आपसूक एकत्र येऊन काही अणू जाडीच्या चकत्या तयार करतात, आणि या चकत्या डिसलोकेशनची वाट अडवतात.

आजचं टी६ याच तत्त्वावर चालतं. ६०६१ चं उदाहरण घ्या. आधी सुमारे ५३० अंशांना तापवतात, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अॅल्युमिनियमात पूर्ण विरघळतात. लगेच पाण्यात विझवतात, म्हणजे त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग सुमारे १७५ अंशांना आठेक तास किंवा १६० ला १८ तास मुरवतात. या काळात दोन्ही मूलद्रव्यांचे नॅनोमीटर मापाचे सुईसारखे कण सगळीकडे पसरून तयार होतात. कण फार लहान असले तर डिसलोकेशन त्यांना कापून जाते. फार मोठे आणि विरळ झाले तर त्यांच्यामधून वळसा घालून जाते. टी६ म्हणजे या दोन टोकांच्या मधली, सगळ्यात जास्त अडवणुकीची अवस्था. जास्त वेळ किंवा जास्त तापमान दिलं की कण मोठे होतात आणि ताकद उतरते.

भट्टी, पाणी आणि पुन्हा भट्टी, यातली मधली पायरी लोक हलक्यात घेतात. भट्टीतून काढून पाण्यात जायला उशीर झाला तर कण आधीच, नको तिथे, स्फटिककणांच्या सीमांवर बसतात. मग पुढे कितीही मुरवा, पूर्ण ताकद येत नाही.

विझवल्यानंतर लगेच धातू मऊ असतो, काही तासांतच खोलीच्या तापमानाला कडक व्हायला लागतो. विमानातल्या २०२४ च्या रिव्हेट म्हणूनच विझवल्यावर फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीत अणू हलत नाहीत, मुरणं लांबतं आणि रिव्हेट ठोकण्यापुरती मऊ राहते.

६०६१-टी६ चा पत्रा वाकवताना तडा जातो. काय करावं?

त्रिज्या वाढवा. कडेच्या बाहेरच्या पृष्ठावर जेवढी लांबी वाढायला हवी तेवढी टी६ ला झेपत नाही. आतली त्रिज्या जाडीच्या निदान दोन-तीन पट ठेवा, जाड पत्र्याला आणखी. वाकाची रेघ लाटण्याच्या दिशेला आडवी घ्या. समांतर घेतली तर लाटताना लांबलेल्या अशुद्धीच्या रेषा वाकाच्या रेघेवरच येतात आणि तिथून उकलतं. कापलेल्या कडेची बर (कापताना उरलेली धारदार कोर) आधी घासून काढा, बहुतेक तडे तिथेच सुरू होतात.

त्रिज्या लहानच हवी असेल तर टी४ मध्ये, म्हणजे विझवलेल्या पण भट्टीत न मुरवलेल्या अवस्थेत, वाकवून नंतर मुरवा. नाहीतर ५०५२-एच३२ घ्या. त्याचा यील्ड १९० च्या आसपास आहे, पण वाकायला तो फार समजूतदार आहे. माझ्या मते पत्र्याच्या खोक्यासारख्या कामांना ६०६१ चा हट्ट बऱ्याचदा विनाकारण असतो.

५००० मालिकेचा पत्रा ओढला की पृष्ठावर पट्टे का उमटतात?

या मालिकेत मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. डिसलोकेशन अडथळ्यापाशी क्षणभर थांबली की मॅग्नेशियमचे अणू तिच्याभोवती गोळा होऊन तिला धरतात. ताण वाढतो, ती सुटते, पुढे जाते, पुन्हा पकडली जाते. ओढ-चाचणीत हे पाहण्यासारखं असतं: आलेखाची रेघ गुळगुळीत वर न जाता करवतीच्या दात्यांसारखी कापरी होते, आणि त्याच वेळी नमुन्याच्या चकचकीत पृष्ठावर तिरका पट्टा उमटतो, विरतो, शेजारी दुसरा उमटतो. पोर्तव्हँ आणि ल शातलिए यांनी १९२३ मध्ये याची नोंद केली, त्यांचंच नाव या परिणामाला आहे.

ताकदीला यामुळे धोका नसतो, पण रंग दिल्यावरही पट्टे दिसत राहतात. मोटारींच्या आतल्या पॅनेलला ५००० मालिका आणि बाहेरच्या पॅनेलला ६००० मालिका वापरण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

वेल्डिंग केल्यावर ताकद किती उरते?

६०६१-टी६ मध्ये जोडाशेजारी यील्ड निम्म्याहूनही खाली येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले कण मोठे होतात किंवा विरघळून जातात. डिझाइन करताना जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ मिलिमीटरचा पट्टा कमकुवत धरतात. फिलर (जोडात वितळवून भरायचा धातू) मजबूत वापरला तरी उपयोग नाही, कारण तुटतं ते शेजारच्या पट्ट्यात. पूर्ण ताकद परत हवी तर अख्खा भाग पुन्हा तापवून, विझवून, मुरवावा लागतो, आणि त्यात तो वाकडा होण्याची शक्यता असते. सोपा उपाय म्हणजे जोड कमी ताणाच्या जागी नेणं.

५०८३ ची ताकद मुख्यतः विरघळलेल्या मॅग्नेशियममुळे असते. ते वेल्डिंगने कुठे जात नाही, म्हणून जहाजं आणि टाक्यांसाठी त्याला पसंती. ७०७५ नेहमीच्या आर्क वेल्डिंगने जोडू नये, थिजतानाच तडे जातात. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू वितळतच नाही, त्यामुळे असे मिश्रधातूही जोडता येऊ लागले.

ताण यील्डपेक्षा खूप कमी होता, तरी भाग वर्षभराने तुटला. कसा?

थकव्याने, म्हणजेच फटीगने, हे बहुतेक वेळा खरं निघतं. भार पुन्हा पुन्हा येत-जात राहिला की पृष्ठावर एखाद्या ओरखड्याशी, छिद्राच्या कडेशी किंवा आतल्या कठीण कणाशी सूक्ष्म तडा सुरू होतो आणि दर फेरीला कणभर पुढे जातो.

पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी भाग टिकतो असं धरता येतं. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. वक्ररेषा खाली उतरतच राहते, फक्त उतार मंदावतो. म्हणून पुस्तकांत ५० कोटी फेऱ्यांना टिकणारा ताण देतात. ६०६१-टी६ साठी तो सुमारे ९७ मेगापास्कल, ७०७५-टी६ साठी सुमारे १५९. आता हे यील्डशेजारी ठेवून पाहा. ६०६१ चं प्रमाण सुमारे ३५ टक्के, ७०७५ चं सुमारे ३२. ताकद जवळजवळ दुप्पट झाली, पण थकवा सोसण्याची क्षमता त्या मानाने वाढली नाही. हे आकडेही गुळगुळीत, पॉलिश केलेल्या नमुन्याचे आहेत. वेल्ड असला की जोडाचा आकारच सगळं ठरवतो आणि ग्रेडला जवळपास अर्थ उरत नाही.

१९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली. तपासासाठी इंग्लंडमधल्या फार्नबरोला एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून उड्डाणात होतो तसा दाब वारंवार दिला-काढला. आधीची प्रत्यक्ष उड्डाणं धरून सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्याजवळ ते फाटलं. कोपऱ्यांपाशी ताण समजला होता त्याहून बराच जास्त होता. विमानाच्या रचनेचे आणि चाचण्यांचे नियम यानंतर बदलले.

रोजच्या कामाला यातून निघणारी गोष्ट साधी आहे. रुंद पट्टीत एक गोल भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. टोकदार कोपरा असेल तर त्याहून जास्त. कोपरे गोल करा, भोकांची बर काढा, हालचाल होणाऱ्या भागावर ठसा ठोकून नंबर घालू नका. महागडा ग्रेड घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे.

उष्णतेत किती तापमानापर्यंत भरवसा ठेवावा?

मुरवून कडक केलेल्या ग्रेडसाठी साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत निर्धास्त, १५० च्या पुढे विचार करून. ६०६१-टी६ दीर्घकाळ २०० अंशांवर ठेवलं तर यील्ड निम्म्याहून खाली येतो, आणि थंड केल्यावरही परत येत नाही.

शिवाय क्रीप आहे: भार तोच, तरी धातू वर्षानुवर्षं हळूहळू लांबत जातो. कॉन्कॉर्ड विमानाचा वेग ध्वनीच्या दुपटीच्या आसपास ठेवला गेला त्यामागे हे मोठं कारण होतं. त्या वेगाला नाक १२७ अंशांपर्यंत तापायचं, आणि त्यासाठी तांबं, मॅग्नेशियम, लोखंड आणि निकेल असलेला, क्रीपला टिकणारा मिश्रधातू निवडला होता.

मऊ, शुद्ध अॅल्युमिनियम साध्या तापमानालाही थोडं क्रीप होतं. स्क्रूखाली घट्ट दाबलेली अॅल्युमिनियमची वायर काळानुसार दबून सैल पडते, जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, आणि तापल्यामुळे आणखी सैल होतो. म्हणून अॅल्युमिनियमसाठी बनवलेलेच टर्मिनल वापरायचे.

आणि थंडीत ठिसूळ होतं का?

नाही. साधं पोलाद कडक थंडीत अचानक ठिसूळ होतं, अॅल्युमिनियमच्या स्फटिकरचनेत तसं होत नाही. उणे १९६ अंशांना ६०६१-टी६ ची तुटण्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि ते जास्त लांबतंही. उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू नेणाऱ्या जहाजांत ५०८३ च्या गोल टाक्या असतात त्या यामुळेच.

दोन्ही टोकं पक्की बांधून तापवलं तर?

मोकळी १ मीटर सळई ५० अंशांनी तापली की सव्वा मिलिमीटरच्या थोडी कमी वाढते, पोलादाच्या जवळपास दुप्पट. वाढूच दिली नाही तर दर अंशाला सुमारे १.६ मेगापास्कल ताण येतो, म्हणजे ५० अंशांना ८०. पोलादात तो दर अंशाला २.४ असतो. जास्त प्रसरण पावूनही अॅल्युमिनियममध्ये ताण कमी येतो, कारण ते लवचीक आहे. पण ८० मेगापास्कल मऊ ११०० ला यील्ड करायला पुरेसे आहेत. लांब भागांना लांबट भोकं द्या.

तुटलेला भाग बघून कारण कळतं का?

बरंचसं कळतं, फक्त तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर घासू नका. ती जुळवून बघायचा मोह सगळ्यांना होतो आणि नेमका तिथेच पुरावा पुसला जातो.

अतिशुद्ध अॅल्युमिनियम ओढलं तर बारीक होत होत जवळजवळ टोकापर्यंत जातं. व्यवहारातल्या ग्रेडमध्ये लोखंडाचे कठीण कण असतात. ते फुटतात, त्यांच्याभोवती पोकळ्या होतात, पोकळ्या जुळतात आणि भाग सुटतो. साध्या डोळ्याला असं तोंड राखाडी आणि खरबरीत दिसतं. पातळ टी६ पत्रा बहुधा ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत फाटतो. जास्त भाराने तुटल्याच्या या खुणा.

थकव्याने तुटलेल्या भागावर एक गुळगुळीत प्रदेश असतो, त्यात एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या कमानी दिसतात, आणि उरलेला भाग खरबरीत असतो. कमानींच्या केंद्राकडे भिंग न्या. तिथे ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा वेल्डची कड सापडते.

वाकला नाही, हादरला नाही, तरी ७०७५ च्या भागाला तडा गेला. असं होऊ शकतं?

हो. ताण आणि ओलावा एकत्र आले की स्फटिककणांच्या सीमांवरून तडा सरकतो. ७०७५-टी६ जाडीच्या दिशेत ओढला जात असेल तर हा धोका विशेष असतो. भोकात घट्ट ठोकून बसवलेल्या बुशने (छोट्या नळीने) येणारा ताणही पुरतो. टी७३ टेम्परला मुद्दाम जास्त मुरवलेलं असतं. ताकद १० ते १५ टक्क्यांनी कमी, पण या दुखण्याला प्रतिकार कितीतरी जास्त. ५००० मालिकेत मॅग्नेशियम ३ टक्क्यांहून जास्त असेल आणि भाग दीर्घकाळ ६५ अंशांच्या वर राहणार असेल, तर तिथेही हीच काळजी घ्या.

गॅलियम तर अॅल्युमिनियमजवळ आणूच नका. ते ३० अंशांच्या आत वितळतं, सीमांमध्ये शिरतं, आणि मजबूत भाग हाताने तुटतो.

हातातला तुकडा कोणत्या टेम्परचा, हे कसं ओळखू?

कठीणता मोजा. ६०६१ मऊ असेल तर ब्रिनेल (कठीणतेचं एक माप) ३० च्या आसपास येते, टी६ असेल तर ९५. त्याच्या जोडीला विद्युतवाहकता मोजली तर आणखी खात्री होते, कारण मुरण्याबरोबर तीही बदलते. ७०७५ च्या टी६ आणि टी७३ मधला फरक तीच पकडते.

वाकलेला भाग सरळ करून पुन्हा वापरता येईल का?

झाकण, पॅनेल, पन्हळ अशा ३००३ किंवा ५०५२ च्या वस्तू असतील तर जरूर. हळू आणि एकदाच सरळ करा.

भार झेलणारा टी६ चा भाग असेल तर बदला. वाकताना एकदा आणि सरळ होताना उलट दिशेने पुन्हा, अशी त्याची लांबायची ऐपत दोनदा खर्च झालेली असते. वाकाच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढे तडे असू शकतात, ते डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंगीत द्रव) लावल्याशिवाय दिसत नाहीत. ज्योतीने तापवला तर सहज सरळ होईल, पण ते सहज झालं याचाच अर्थ तिथला टी६ गेला. दिसायला भाग शाबूत राहील. त्याचा यील्ड किती उरला, हे कठीणता मोजल्यावरच कळेल.